नवीन की जुन्या?

आत्या माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर एक शिवणयंत्र, दोन पिशव्या आणि चक्कर आली. शिवणयंत्र खिडकीपाशी ठेवलं, पिशव्या कपाटात ठेवल्या. चक्कर कुठे ठेवायची ते कळेना, त्यामुळे ती घरभर फिरायची.

म्हणजे व्हायचं असं, की आत्या खुर्चीवरून उठायची, दोन पावलं तोऱ्यात टाकायची आणि तिसरं टाकण्याआधी भिंतीची परवानगी घ्यायची. एकदा तिने फ्रिजला मिठी मारली.

"आत्या, एवढं प्रेम?" मी म्हटलं.

"गप बस ठोंब्या. तो निदान एका जागी उभा तरी राहतो."

ठोंब्या म्हणजे मी. मी गाद्यांच्या दुकानात काम करतो. लोक येतात, बूट काढून माझ्यासमोर आडवे होतात, छताकडे बघत "बरी आहे" म्हणतात आणि "विचार करून सांगतो" म्हणून निघून जातात. आत्याच्या मते ही नोकरी नसून पडीक माणसांची सेवा आहे. तिने स्वतः पंचेचाळीस वर्षं शिवणकाम केलं. समोर माणूस आला की तिला आधी त्याचा खांदा दिसतो, मग कंबर, आणि वेळ उरलाच तर चेहरा.

ती आधी राहायची तिथे तिचा ठरलेला डॉक्टर होता. रक्तदाब वाढला तेव्हापासून, म्हणजे पंचवीस वर्षं, तोच. शेवटी तो थकला, दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेला. आत्या भाच्याकडे आली. मधल्या काळात एकदा तिचा रक्तदाब चढला म्हणून मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिथे घाईघाईत आणखी एक गोळी लिहून दिली आणि "पुढचं तुमच्या फॅमिली डॉक्टरना विचारा" असं सांगितलं. फॅमिली होती. डॉक्टर नव्हता.

आत्याकडे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड होतं. ते तिने प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत आणि ती कापडी पिशवी कुठेतरी ठेवली होती. ते सापडल्यावर मी विमा कार्यालयातून जवळपासच्या डॉक्टरांची यादी आणली. चौदा नावं होती. मी एकेकाला फोन करून विचारायला लागलो, "कार्ड घेता का?"

"घेतात म्हणजे परत देतात ना रे?" आत्याने मागून विचारलं.

पहिला फोन एका बाईंनी उचलला. "ते नाहीत," त्या म्हणाल्या.

"कधी येतील?"

"नाही येणार. ते गेले."

"कुठे?"

"वारले हो. तीन वर्षं झाली."

मी कसाबसा सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "असू दे. यादीत आहेत ना अजून? बरं वाटलं ऐकून."

दुसऱ्या नंबरावर आता कुत्र्यांचे केस कापायचं दुकान होतं. ते म्हणाले, कार्ड घेत नाही, पण आत्या शांत बसत असेल तर घेऊन या, बघू. तिसरा डॉक्टर फक्त बारा वर्षांपर्यंतची मुलं बघायचा. त्याने आत्याचं वय विचारलं. मी एकाहत्तर सांगितलं. "अरेरे," तो म्हणाला, जणू थोडक्यात हुकलं होतं. पुढचे काही जण कार्ड घ्यायचे, पण नवीन पेशंट घ्यायचे नाहीत. उरलेले नवीन पेशंट घ्यायचे, पण कार्ड घ्यायचे नाहीत. कोणत्याही दोघांना एकत्र शिवलं असतं तर एक उपयोगाचा डॉक्टर झाला असता. आत्या म्हणाली, मापं जुळली पाहिजेत.

चौदाव्याने फोन उचललाच नाही. पत्ता मात्र आमच्यापासून दहा मिनिटांवर होता. मंगळवारी मला सुट्टी असते. आम्ही चालत निघालो.

एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला छापखाना, आणि मध्ये धुरकट काचेचं दार. दारावर सुंदर, वळणदार अक्षरात पाटी होती: नवीन पेशंट घेणे बंद आहे. मी पटकन त्या पाटीसमोर उभा राहिलो. आत्याला चष्म्याशिवाय काही वाचता येत नाही, आणि चष्मा घरी होता. पण माझी छाती एवढी रुंद आहे, तर तिचा कधीतरी उपयोग व्हायला हवा.

आत एक लांब बाक, वजनकाटा, भिंतीला लावलेली लोखंडी कपाटं, आणि काउंटरमागे एक बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पुढ्यात हे एवढं जाड रजिस्टर. दारावरचं अक्षर आणि रजिस्टरातलं अक्षर एकच होतं.

"कार्ड?" मान वर न करता बाई म्हणाल्या.

आत्याने दोन्ही पिशव्या उलगडून कार्ड दिलं. बाईंनी ते घेतलं! इतक्या फोनांनंतर पहिल्यांदा कोणीतरी ते कार्ड घेतलं होतं. आत्याची नजर कार्डावरून हलेना.

"नवीन की जुन्या?" बाईंनी विचारलं.

आत्याने सुस्कारा सोडला. "आता काय सांगू ताई. जुनीच की. पंचवीस वर्षं झाली."

तिला म्हणायचं होतं, रक्तदाबाला. बाईंनी पेन थांबवलं आणि पहिल्यांदाच वर बघितलं.

"पंचवीस! म्हणजे माझ्याही आधीच्या तुम्ही. मला इथे बावीस झाली."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. मग मला ते सगळे फोन आठवले. मी जांभई दिल्यासारखं करून तोंड मिटलं. बाईंनी आत्याच्या नावापुढे निळ्या शाईत लिहिलं: जुन्या.

"बसा आजी. फाइल काढते."

"आजी नाही हं," आत्या म्हणाली. "आत्या."

बाकावर शेजारी एक जाडगेला माणूस बसला होता. छापखान्यात कामाला असावा, बोटं काळी होती. तो आपणहून म्हणाला, "आमचे डॉक्टर एकदा बघितलेला माणूस विसरत नाहीत. मागे माझे मामा बारा वर्षांनी आले. डॉक्टरांनी दारातच विचारलं, हर्निया काय म्हणतोय?"

आमचा नंबर आला तेव्हा बाईंनी दारातून सांगितलं, "डॉक्टर, जुन्या पेशंट आहेत. पंचवीस वर्षं. फाइल मिळत नाहीये, शोधते."

डॉक्टर सडपातळ होते, सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी आत्याकडे बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा नुसता कोरा झाला. मग त्यावर हसू आलं, जरा घाईने.

"या, या! किती दिवसांनी! गुडघा काय म्हणतो?"

आत्याने छातीवर हात ठेवला. "अगं बाई! तुम्हाला कसं कळलं?"

"आता इतक्या वर्षांत एवढंही कळू नये?" डॉक्टर म्हणाले आणि कपाळ पुसलं.

त्यांनी रक्तदाब बघितला. पुन्हा बघितला. "मागच्यापेक्षा कमी वाटतोय."

"चक्कर येते हो. उठलं की जमीन सरकते."

"हं. पण इतक्या वर्षांचं औषध आहे तुमचं. फाइल बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. फाइल मिळाली की बघू. तोवर आहे ते चालू ठेवा. हळू उठा, पाणी प्या."

डॉक्टरांचं अगदी बरोबर होतं. फाइल बघितल्याशिवाय औषध बदलू नये. फक्त फाइल नव्हती एवढंच.

घरी येताना आत्या हवेत होती, चक्कर न येता. "न सांगता गुडघा ओळखला! आमच्या त्या डॉक्टरला पंचवीस वर्षं मीच सांगायचे, कुठे दुखतंय ते." हे तिने वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगितलं, आणि मी शेजारी उभा होतो तरी मलाही परत सांगितलं. मी मनाशी म्हटलं, डॉक्टर मिळाला, आत्या खूश, फाइलचं काय, विसरतील हळूहळू.

पुढच्या मंगळवारी गेलो तर बाईंच्या केसांत धूळ होती.

"मिळेल," त्या आम्हाला कमी आणि स्वतःला जास्त म्हणाल्या. "माझ्या हातून कधी फाइल हरवलेली नाही. माळ्यावरची बघून झाली. आता आडनाव चुकून लागलं असेल म्हणून सगळी अक्षरं बघतेय."

आत डॉक्टर आत्याची वाटच बघत असल्यासारखे बसले होते. "थोरले भाऊ कसे आहेत?"

"मला थोरला भाऊ नाही. मीच थोरली."

"तेच म्हणतो मी," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही असताना थोरल्याची गरजच काय." त्यांच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब ओघळला. आत्या कौतुकाने हसली. रक्तदाब आणखी कमी होता. "फाइल मिळाली की लगेच बघू," ते म्हणाले.

शुक्रवारी मी कामावरून आलो तर आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. पाठ कपाटाला टेकलेली, कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा, आणि दुसऱ्या हातात टेप. ती फरशी मोजत होती.

"आत्या! काय झालं?"

"पडले. उठायला गेले तर परत गरगरलं. मग म्हटलं, तुझी वाट बघत नुसतं काय बसायचं. ही फरशी एका बाजूला अर्धा इंच कमी आहे बघ."

मी तिला उचलून खुर्चीत बसवलं. ती वजनाला इतकी हलकी लागली, की मला विनोद सुचेना. तिच्या हाताला बर्फ लावता लावता मी म्हटलं, "आत्या, तू जुनी नाहीस."

"तुझ्या तोंडात साखर पडो."

"तसं नाही गं." मग मी सगळं सांगितलं. जुन्या म्हणजे त्या दवाखान्यात आधी येऊन गेलेल्या. डॉक्टरांनी तिला उभ्या आयुष्यात कधी बघितलेलं नाही. फाइल नाही, म्हणून औषध बदलत नाहीत, आणि फाइल कधीच मिळणार नाही, कारण ती कधी नव्हतीच.

आत्याने बर्फ बाजूला सारला.

"म्हणजे त्या ताई नसलेली फाइल शोधतायत? माळ्यावर चढून?"

"हो."

"आणि तू गप्प?"

"खरं सांगितलं तर हा डॉक्टरही जाईल. दारावर पाटी आहे, नवीन पेशंट बंद. यादी संपली आत्या. पंधरावा नाहीये."

"मग मी भिंत धरून चालेन. एकाहत्तर वर्षं चाललेय, पुढचंही चालेन. पण माझ्यासाठी कोणा बाईला धुळीत बसवायचं नाही. उद्या सकाळी जायचं. आणि तोंड तू उघडायचंस, कारण मिटलं तूच होतंस."

शनिवार म्हणजे गाद्यांचा सगळ्यात गर्दीचा दिवस. मालकाला फोन करून सांगितलं, आत्या पडली. "कशावर?" त्याने विचारलं. फरशीवर, म्हटलं. तो म्हणाला, "बघ, म्हणून मी म्हणतो, माणसाच्या घरात चांगली गादी हवी," आणि सुट्टी दिली.

दवाखान्यात बाकावर चार-पाच माणसं ताटकळत होती आणि काउंटर रिकामं. छापखान्यावाल्याने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आत सगळी कपाटं उघडी होती. जमिनीवर फाइलींचा डोंगर, डोंगराच्या एका बाजूला बाई मांडी घालून बसलेल्या आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच.

"सापडेल हो आत्या," डॉक्टर म्हणाले. "आम्ही 'म'पर्यंत आलोय."

"नाही सापडणार," बाई म्हणाल्या. डोळे लाल होते. "मी राजीनामा लिहून ठेवलाय. पेशंटचा पंचवीस वर्षांचा कागद हरवते आणि काउंटरवर मिरवते!"

आत्याने मला कोपराने ढोसलं. काळानिळा हात होता तोच, म्हणजे तिलाच जास्त लागलं असणार.

"फाइल नाहीये," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय मी."

"म्हणजे कधीच नव्हती. आत्या इथे पंचवीस वर्षांत आलीच नाही. अकरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा आली. पंचवीस वर्षं तिच्या रक्तदाबाला झाली. तुम्हाला वाटलं ते वेगळं, आणि मला ते कळलं होतं, पण मी जांभई दिली."

कुठलीतरी एक फाइल डोंगरावरून घसरून खाली आली.

"कधीच नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"कधीच नाही."

"म्हणजे मी यांना विसरलो नाही?"

"नाही. उलट तुम्ही यांना ओळखलंत. चूक असलीच तर ती."

डॉक्टर हळूच मागे सरकून कपाटाला टेकले. "अकरा दिवस," ते म्हणाले, "अकरा दिवस मी रोज सकाळी शंभरातून सात-सात वजा करतोय. बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांची नावं विचार मला, मध्येच, बेसावध असताना. काल मेहुण्याला त्याची जन्मतारीख सांग म्हटलं."

"मग?" आत्याने काळजीने विचारलं.

"मला येत होती. त्याला आली नाही." आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग स्टेथोस्कोप हलला, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला वाटलं, सुटलो.

बाई हसत नव्हत्या. त्या उठल्या, साडीवरची धूळ झटकली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जीभ आहे तुम्हाला?"

"आहे."

"दाखवा."

दवाखाना होता, मी दाखवली.

"चांगली धडधाकट आहे की! मग वापरायला काय होतं? मी माळ्यावर चढले. या वयात! माझ्याही गुडघ्यांना काही वाटतं!"

"त्याला काय बोलायचं ते बोला ताई," आत्या म्हणाली. "मी तेवढं सांगायला आले होते. कागद तुमच्या हातून हरवला नाही. तुमचं काम चोख आहे. येते मी." आणि ती वळली. वळताना तिचा तोल गेला. तिने दाराची चौकट धरली आणि जणू चौकटीचं माप घेतेय असं दाखवलं.

ते कोणालाही फसवण्यासारखं नव्हतं.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या तरातरा काउंटरपाशी गेल्या आणि रजिस्टर घेऊन आल्या. अकरा दिवसांपूर्वीचं पान उघडून डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं. "हे काय लिहिलंय?"

"जुन्या," डॉक्टरांनी वाचलं.

"कोणाचं अक्षर?"

"तुमचं."

"बावीस वर्षांत माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड नाही. एक नाही. आणि आता या लंबूटांगाने जांभई दिली म्हणून मी करणार नाही. इथे जुन्या लिहिलंय, तर या जुन्या."

"पण बाई, पाटी…"

"पाटी मी लावलीय. तुम्ही दुपारचं जेवण चार वाजता जेवता म्हणून लावलीय. आणि पाटी नव्यांसाठी आहे. यांचा तिच्याशी काय संबंध?"

डॉक्टरांनी यावर विचार केला. मीही केला. कुठेतरी काहीतरी चुकत होतं, पण मी त्या दिवसापुरता कानाला खडा लावला होता.

"पण ताई," आत्या म्हणाली, "मी खरी जुनी नाही हो."

"व्हाल," बाई म्हणाल्या. "फाइल तेवढी नवीन करते." आणि त्यांनी एक कोरी फाइल काढून डॉक्टरांच्या हातात दिली. मला मात्र जमिनीवर बसवलं आणि तो अख्खा डोंगर अक्षरवार लावायला सांगितला.

त्यामुळे पुढचं मी उघड्या दारातून, फाइलींच्या मागून ऐकलं.

"हं, आत्या," डॉक्टर म्हणाले. "आता पहिल्यापासून सांगा. मला काहीही माहीत नाही."

"गुडघा माहीत होता की."

"तो अंदाज होता."

"अंदाज!" आत्याचा आवाज पडला. "मी नळवाल्यालासुद्धा सांगितलं हो."

"सत्तरीनंतर गुडघा कोणाचा दुखत नाही? माझाही दुखतो. उजवा."

"माझा डावा," आत्या म्हणाली, जरा सावरून. "पहिल्यापासून म्हणजे कुठून?"

"तुम्हाला वाटेल तिथून."

"मी जन्मले ती पायाळू."

मी 'ब' लावून 'भ'वर आलो तेव्हा तिला गोवर आला होता. 'र'ला तिचं लग्न मोडलं आणि तिने पहिलं शिवणयंत्र घेतलं. हे मला माहीत नव्हतं. मी जरा वेळ हात थांबवले. बाकावर छापखान्यावाला कोणाला तरी म्हणाला, "आत कोण आहे?" आणि बाई म्हणाल्या, "जुन्या पेशंट आहेत, वेळ लागणारच."

'स'ला डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या आणल्यात?"

टेबलावर काहीतरी खळखळत ओतल्याचा आवाज आला. आत्या गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवते, हेही मला माहीत नव्हतं.

"ही कोणती?"

"ती पांढरी आमच्या आधीच्या डॉक्टरची. सकाळची."

"आणि ही?"

"ते शर्टाचं बटण आहे."

"हे घेत नाही ना तुम्ही?"

"चष्मा असेल तर नाही."

मग चिठ्ठ्या उलगडल्याचा आवाज आला, डब्याच्या तळाशी असाव्यात. मग डॉक्टर म्हणाले, "आणि ही गुलाबी? इस्पितळातली? ही पण रोज?"

"रोज. दोन्ही. एक दिवस चुकवली नाही."

"आत्या, या दोन्ही एकच आहेत. कंपनी वेगळी, रंग वेगळा, औषध तेच. तुम्ही दुप्पट घेताय. रक्तदाब पार खाली जातोय, म्हणून उठलं की गरगरतं." खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "आणि मी फाइलची वाट बघत बसलो. पहिल्याच दिवशी डबा उघडायला लावला असता तर हा हात असा झाला नसता. माझं चुकलं."

"तुमचं नाही," आत्या म्हणाली. "बाहेर बसलाय त्याचं. नीट लावतोय का बघा ताई, त्याला 'श' आणि 'ष'मध्ये घोळ होतो."

गुलाबी गोळी बंद झाली. पांढरी चालू राहिली, पण डब्यात नाही, बाईंनी नाव घालून दिलेल्या पाकिटात. आठवड्याने दाखवायला या, असं सांगितलं.

बुधवारी सकाळी मी कामाला निघत होतो. आत्या शिवणयंत्रापाशी बसली होती. "जरा थांब," ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. एक पाऊल, दोन पावलं. मी दोन्ही हात पसरून तयार. तिसरं पाऊल. भिंत तीन फुटांवर होती, आत्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

"आत्या!"

"ओरडू नकोस. कदाचित चुकून झालं असेल." ती जाऊन परत बसली. परत उठली. परत तीन पावलं.

मग ती पुन्हा बसली आणि उठली. नंतर पुन्हा. मला दुकानाला उशीर होत होता, पण मी चपला घालून दारातच उभा राहिलो. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, वर काय चाललंय?

"उठतेय!" आत्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, आणि पुन्हा बसली.